३९२ की ४१५? फ्रेंच ऑपेरा महोत्सवांची पार्श्वभूमी

कार्यक्रमपत्रिका हातात आली की गाणार कोण आणि मध्यंतर कधी, एवढं आपण पाहतो. अठराव्या शतकातल्या फ्रेंच ऑपेराला आणि चेंबर म्युझिकला (दिवाणखान्यात मोजक्या वाद्यांवर वाजवायच्या संगीताला) वाहिलेल्या महोत्सवांत मुरलेले श्रोते मात्र आधी एक आकडा शोधतात : ३९२ की ४१५? वाद्यं कोणत्या पट्टीत लावली आहेत, हे सांगणारा तो आकडा. आजच्या नेहमीच्या वाद्यवृंदात ‘ला’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात. त्याच्या खाली कुठे थांबायचं, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालले आहेत.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा दरबारी संगीतकार लुली यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, ती सोडू. १६७२ मध्ये ऑपेराचा मक्ता लुलीच्या हाती आला आणि तो गेल्यावरही पुढची कित्येक वर्षं पॅरिस प्रत्येक नवा ऑपेरा त्याच्याच मापानं मोजत राहिलं. म्हणून १७३३ मध्ये पन्नाशीच्या रामो या संगीतकारानं ‘इपोलित ए आरिसी’ हा पहिला ऑपेरा आणला तेव्हा सरळ दोन तट पडले. नावं ठेवणाऱ्यांपैकी एकानं १७३४ मध्ये त्या संगीताला ‘बरोक’ म्हटलं. शब्द मुळात पोर्तुगीजांचा, अर्थ वेडावाकडा मोती. गोव्यातल्या जुन्या चर्चना आपण तो कौतुकानं लावतो. संगीतात तो शिवी म्हणून शिरला आणि आता त्याच शिवीवर महोत्सवांची तिकिटं खपतात.

दुसरं भांडण १७५२ चं. एका इटालियन मंडळीनं पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराचं छोटं विनोदी संगीतनाट्य पॅरिसच्या ऑपेरात केलं आणि पत्रकांचा पाऊस पडला. फ्रेंचांना संगीतच नाही आणि असूही शकत नाही, असा निकाल रूसोनं १७५३ मध्ये देऊन टाकला. आदल्याच वर्षी त्याचा स्वतःचा फ्रेंच ऑपेरा राजापुढे झाला होता, हे त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.

ऑपेरा आणि चेंबर म्युझिक एकाच महोत्सवात का, असं कुणी विचारलं तर रामोकडेच बोट दाखवावं. १७२५ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं नृत्य झालं. ते पाहून त्यानं हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्टीवाद्य) एक तुकडा लिहिला. तोच पुढे ‘ले झांद गालांत’ या ऑपेरात नाचाचा आणि गाण्याचा प्रसंग होऊन आला. १७४१ च्या त्याच्या तीन वाद्यांसाठीच्या रचनांमधली एक चीजही अशीच ऑपेरात गेली. दिवाणखाना आणि रंगमंच यांच्यात माल सतत इकडून तिकडे जात होता.

व्हर्सायच्या राजवाड्यातलं ऑपेरागृह १७७० चं. पूर्ण लाकडी, वर संगमरवराचा भास देणारा रंग. खेळ करायचा तर हजारो मेणबत्त्या लागत. खर्च इतका की क्रांतीआधी ते मोजकेच दिवस उघडलं. १८७१ नंतर काही वर्षं तिथे चक्क संसद बसली. विसाव्या शतकात १९५२ ते १९५७ अशी दुरुस्ती होऊन ते पुन्हा रंगमंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रामोचं समग्र संगीत छापायला घेतलं गेलं होतं, पण जुन्या वाद्यांवर ते वाजवायची चळवळ खरी पेटली ती १९७० आणि ८० च्या दशकांत. आजचे महोत्सव या चळवळीतून निघाले आहेत. रामोनं म्हातारपणी लिहिलेला ‘ले बोरेआद’ तालमीपर्यंत येऊन १७६३ मध्ये राहून गेला होता. त्याला पूर्ण रंगमंच मिळाला तो थेट १९८२ मध्ये, एक्स-आं-प्रोव्हान्सच्या महोत्सवात.

आता गुंत्याचा शब्द : ‘ओत-कोंत्र’. रामोच्या बहुतेक नायकांचा आवाज हा. इटलीत नायक म्हणजे कास्त्राती, लहानपणीच खच्ची केल्यामुळे आवाज उंच राहिलेले पुरुष गायक. फ्रेंचांना ते रंगमंचावर पटत नसत. ओत-कोंत्र म्हणजे नैसर्गिक, पण फार उंच जाणारा पुरुषी आवाज. टेनर या नेहमीच्या उंच पुरुषी आवाजाच्याही वरच्या मजल्यावर राहणारा. घोटाळा असा की हा फ्रेंच शब्द आणि इंग्रजी ‘काउंटरटेनर’ एकाच लॅटिन घराण्यातले. विसाव्या शतकात काउंटरटेनर म्हणजे खोट्या आवाजात (फॉल्सेटोत) गाणारा, असं रूढ झालं होतं. त्यामुळे पुनरुज्जीवनाच्या सुरुवातीला फ्रेंच नायकाचं गाणंही काही वेळा अशा गायकांकडे गेलं. ऐकायला गोड, पण पात्र बदललं. लढाईला निघालेल्या वीराच्या आवाजातली धार गेली.

इथे पट्टीचा प्रश्न येतो. त्या काळच्या पॅरिसच्या ऑपेरातली पट्टी आजच्यापेक्षा साधारण एक पूर्ण स्वर खाली असावी, असं जपून राहिलेल्या बासऱ्या आणि ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) सांगतात, म्हणून ३९२. त्या पट्टीत उंच टेनर हे गाणं खऱ्या आवाजात पेलतो. ४१५ ला तोच गायक शेवटच्या अंकापर्यंत घामाघूम होतो आणि ४४० ला खोट्या आवाजाचा आधार घेतो. म्हणजे गायक कोणता, हा प्रश्न निम्मा वाद्यांनीच सोडवलेला असतो.

मग सगळे ३९२ का लावत नाहीत? उत्तर अगदी व्यवहारी आहे. ४१५ ही आधुनिक पुनरुज्जीवनाची सोय, ४४० च्या बरोबर अर्धा स्वर खाली. वादक आज रामो वाजवतात, उद्या हँडलसारखा दुसरा संगीतकार, आणि त्यांच्याकडची लाकडी फुंकवाद्यं ४१५ ची असतात. व्हायोलिनच्या तारा सैल करता येतात; बासरीचं लाकूड कापून जोडता येत नाही. ३९२ ची नवी वाद्यं करवून घ्यायची तर पैसे आणि वाट पाहणं, दोन्ही आलं. आयोजकांचा हिशेब मला कळतो, तरी नायकाच्या गळ्याची किंमत देऊन वाचवलेला पैसा खटकतोच.

हार्पसिकॉर्डवाल्याला मात्र त्रास कमी. बऱ्याच नव्या वाद्यांत बोटांखालचा अख्खा कीबोर्ड, म्हणजे कळांचा संच, सरकतो : कडेचा लाकडी ठोकळा काढायचा, संच एक घर डावीकडे ढकलायचा, ठोकळा दुसऱ्या बाजूला बसवायचा, की वाद्य अर्धा स्वर खाली उतरतं. मग पंधरा-वीस मिनिटं किल्ली घेऊन तारा पारखायच्या. तोवर ओबोवाला दोन पेट्या उघडून बसलेला असतो, एक ४१५ ची, एक ३९२ ची.