आखाजीची सफाई आणि 'दसरा काढणं', दोन वेगळी कामं एक कशी झाली

एप्रिल लागला की खान्देशात बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो, मोठी सफाई आत्ता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करायची की नवरात्राआधी दसरा काढतो, म्हणजे घरातलं सगळं धुऊन-झाडून घेतो, तेव्हा एकदाच. हल्ली सगळे सांगतात की खरी सफाई दसऱ्याचीच, आखाजीला नुसतं वरवर झाडून घेतलं तरी चालतं. मला हे अजिबात पटत नाही.

फार मागे जायला नको. तापीकाठी प्रकाशे इथं १९५५ साली उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली, म्हणजे या पट्ट्यात माणूस हजारो वर्षं मातीशी झगडत घर सांभाळतोय, एवढं पुरे. आपल्याला समजून घ्यायचंय ते धाब्याचं घर, जे आपल्या आजी-आजोबांपर्यंत जवळपास सगळ्यांचं होतं.

धाब्याचं छत म्हणजे लाकडी सर, त्यावर कड्या, कड्यांवर काड्या नि पाला, आणि वर मातीचा जाड थर. पाऊस यायच्या आत त्यावर खारी टाकावीच लागते. खारवट माती ओली झाली की पसरते, फटी बुजवते, तिच्यावर गवतही लवकर धरत नाही, म्हणून पाणी आत येत नाही. पण वर माणसं चालली, पाट्या ओतल्या की खाली घरभर माती गळते, त्यामुळे जिथं खारी आखाजीआधी पडायची तिथं आधी खारी नि मग आतली सफाई असाच क्रम असायचा. कुणाची खारी मृग लागायच्या तोंडावर पडायची, त्यांना दुसऱ्यांदा झाडावं लागायचं. चुलीची काजळी, कोळ्यांची जाळी खरवडायची, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या नाहीतर चुन्यात नीळ टाकून हात मारायचा, जमीन शेणानं सारवायची. हे सगळं वाळायला कडक ऊन लागतं, आणि वैशाखात आपल्याकडे ऊन किती असतं ते सांगायला नको.

त्यात धान्याचा हिशेबही बसतो. दादर (रब्बी ज्वारी), गहू, हरभरा घरात आलेला असतो, तो भरायच्या आत कोठ्या रिकाम्या करून साफ कराव्या लागतात. आमच्या आजीची मातीची कोठी माझ्या डोक्याच्या वर होती, खाली धान्य काढायचं भोक, त्यात चिंधीचा बोळा. ती मला वरून आत उतरवायची, मी हातझाडूनं तळ झाडायचो, कोपऱ्यातले सोंडे, जुनी भुकटी गोळा करून त्या भोकातून बाहेर ढकलायचो, मग ती आतून शेणामातीचा हात द्यायला लावायची. दोन-तीन दिवस वाळली की गव्हाचा थर, निंबाचा पाला, परत गहू. 'आखाजी उनी, जाये काढी ल्या' (आखाजी आली, जाळी काढून घ्या) हे तिचं वाक्य गुढीपाडवा झाला की सुरू व्हायचं.

आणि आखाजी म्हणजे आपल्याकडे नुसता सण नाही, ते शेतीचं वर्ष संपण्याचा दिवस. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजी ते आखाजी, त्याच दिवशी जुना हिशेब मिटतो, नवा सालदार ठरतो. पितरांची घागर भरायची, गौराई बसलेली, झोके बांधलेले, सासरच्या लेकी माहेरी आलेल्या, मग घर काढल्याशिवाय कसं चालेल?

आता दसरा काढणं. या शब्दानंच सगळा घोळ केलाय. एक तर दसरा काढतात तो दसऱ्याला नाही, घटस्थापनेच्या आत. दुसरं म्हणजे त्यातलं मुख्य काम धुण्याचं. चार महिने पावसात गोधड्या, वाकळांना दमट वास लागलेला असतो, तांब्यापितळेची भांडी काळी पडलेली असतात, हे सगळं नदीवर न्यायचं, आपटून धुवायचं, काठावर वाळत घालायचं. भाद्रपद-आश्विनात गिरणा, पांझरा या आपल्या नद्यांना पाणी असतं म्हणून ते जमायचं. वैशाखात नदीत वाळूच, तेव्हा गोधड्या कुठं धुणार? म्हणजे आखाजीची सफाई कोरडी, मातीची, चुन्याची, पावसाच्या आधीची, नि दसऱ्याची ओली, कपड्याभांड्यांची, पावसानंतरची. एकीच्या बदल्यात दुसरी केली असं तेव्हा होतच नव्हतं. दोन्हीला आपण 'घर काढणं' म्हणायला लागलो आणि मग दोनातलं एक जास्तीचं वाटायला लागलं.

हा बदल गेल्या तीसेक वर्षांतला असं मला वाटतं. घरकुलं आली, धाबे उतरवून स्लॅब पडले, खारीचा विषयच संपला. शेणाच्या जमिनीवर आधी शहाबादी नि मग टाइल्स. २०१६ नंतर सरकारी योजनेतून गावागावात गॅस गेला तशी काजळीही कमी झाली. कोठ्यांच्या जागी पत्र्याच्या टाक्या, ड्रम. सालदार मिळणंच अवघड झालं. एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा, आणि उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं की बायका साहजिकच म्हणतात राहू दे, दसऱ्याला बघू. त्यांचं चुकत नाही, सगळं काम त्यांच्याच अंगावर पडतं. फक्त आखाजीची सफाई म्हणजे फालतू रीत होती असं म्हणू नये, ती घर उभं ठेवायची दुरुस्ती होती. अजून ज्यांची धाब्याची घरं आहेत त्यांना विचारा.

२०२० ची आखाजी, २६ एप्रिल, लॉकडाऊनमध्येच गेली. लेकी आल्या नाहीत, घरं मात्र रिकामपणामुळे कधी नव्हे इतकी निघाली. नंतर आलं कापसाचं. २०२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्या आशेनं पुढच्या हंगामात लोकांनी माल विकलाच नाही, आणि २०२३ ची आखाजी आली तरी कापूस घरातच. आमच्या ओसरीत छतापर्यंत ढीग, त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज, लहान पोरं रात्रभर खाजवत बसायची. २२ एप्रिलला घागर मांडायची कुठं हाच प्रश्न, मग सगळ्यांनी मिळून ढीग एका भिंतीला रेटला, चार हात जागा झाडून पुसून घेतली, तिथं घागर ठेवली, वर डांगर (खरबूज), बाजूला सांजोऱ्या. घर काढलं ते जूनमध्ये कापूस गेल्यावर, आणि भिंतींच्या कोपऱ्यांतून रुईचे पुंजके त्यानंतरही कितीतरी दिवस निघत होते.