निर्जन बेटाच्या कथा

गलबत फुटल्याने किंवा सोबत्यांनी सोडून दिल्याने माणूस ओसाड बेटावर अडकतो आणि हाताशी असेल त्यावर तगून राहतो, अशा कथांचा साहित्यप्रकार. बेटावर एकट्याने वाढलेल्या मुलाची अरबी कथा इब्न तुफैलने १२ व्या शतकातच लिहिली होती. पण हा प्रकार घरोघरी पोचला तो डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मुळे (१७१९).

क्रूसोमागे अलेक्झांडर सेलकर्क या स्कॉटिश खलाशाची हकीकत असावी, असे मानतात. गलबत गळके आहे म्हणून कप्तानाशी भांडून १७०४ मध्ये तो चिलीच्या पश्चिमेकडील एका बेटावर मागे राहिला. झोपेत उंदीर पाय कुरतडत, म्हणून त्याने रानमांजरे माणसाळवली. चार वर्षे चार महिन्यांनी सुटका झाली, तेव्हा त्याच्या तोंडून अर्धेमुर्धेच शब्द फुटत होते.

या कथांची खरी गोडी साहसापेक्षा संसार मांडण्यात आहे. क्रूसो फुटक्या गलबतावरून कुऱ्हाड, बंदुका, बंदुकीची दारू आणतो. झटकून टाकलेल्या कोंड्यातून जवाचे अंकुर फुटलेले पाहून हरखतो. विस्तवावर टिकेल असे मडके जमेपर्यंत किती तरी वाया घालवतो. वाचकही मनात त्याच्याबरोबर सामानाची मोजदाद करत असतो.

कोल्हापूरकराला समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो, तरी बेट त्याच्या ओळखीचे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, की ‘गावाला बेटाचे स्वरूप’ हे शब्द वर्तमानपत्रांत येतात. २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखली आणि आंबेवाडी अशीच पाण्याने वेढली गेली. माळ्यावर काय चढवायचे, जनावरांची दावी कधी सोडायची, हा हिशेब क्रूसोच्याच जातीचा. फरक मोठा आहे तो सोबतीचा: पुरात सारा गाव एकत्र अडकतो आणि नाव येण्याची आशा असते. क्रूसोला हाक मारायलाही कोणी नाही. म्हणूनच सोबतीसाठी झुरलेला तो माणूस वाळूत उमटलेले एक मानवी पाऊल पाहून भेदरतो, हा या कादंबरीतला सर्वांत खोल प्रसंग वाटतो. पुढे भेटलेल्या माणसाला मात्र तो ‘फ्रायडे’ हे नाव देतो आणि आपल्याला ‘मालक’ म्हणायला शिकवतो. वसाहतवादी दृष्टीचा हा दोष नजरेआड करता येत नाही.

सेलकर्कच्या बेटाला १९६६ मध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ हे नाव मिळाले. सेलकर्कचे नाव दिले गेले ते त्याच द्वीपसमूहातील दुसऱ्याच बेटाला.