मेजर स्केल: पहिल्या धड्यामागचा इतिहास

वाद्य कोणतंही असो, पाश्चात्त्य संगीताचा पहिला धडा बहुधा मेजर स्केलचा असतो. पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध अशी त्याची स्वरांतरं. बिलावल थाटाचे स्वर हेच. म्हणून ते युरोपात मुळापासूनच होतं असं वाटतं. शास्त्रानं मात्र त्याला फार उशिरा जागा दिली.

अकराव्या शतकात ग्विदो द'आरेत्सो या इटालियन धर्मोपासकानं गायकांसाठी उत, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामं एका लॅटिन स्तोत्रातून घेतली. त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. पण हे सहाच स्वर, म्हणजे सा ते ध. नी नाहीच! तो स्वर त्या काळी अडचणीचा होता: शुद्ध घेतला तर मध्यमापासूनचं तीन पूर्ण स्वरांचं अंतर कानाला खटके, म्हणून तो कधी कोमलही गायला जाई. सहाच्या पलीकडे जायचं तर गायक नवा षट्क धरून पुढे जात.

चर्चसंगीतात तेव्हा आठ मोड, म्हणजे ठरावीक स्वरांतरांचे स्वरक्रम, मानले जात, त्यांत मेजर स्केलला स्वतंत्र स्थान नव्हतं. स्विस विद्वान ग्लारेआननं 1547 साली मोडची संख्या बारा केली, तेव्हा 'आयोनियन' या नावानं ते आलं. आपल्या काळात हाच मोड सर्वाधिक वापरात आहे, असंही त्यानं नोंदवलं. गळ्यांनी निवड आधीच केली होती. पुढे हार्मनीचा पाया ठरली ती नी-सा ही ओढ. सराव करताना मी सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यायला सांगेन.

बाराही पट्ट्यांतून, म्हणजे बारापैकी कोणताही स्वर सा धरून, स्केल वाजवणं जुन्या जुळणीत अवघडच होतं, कारण काही पट्ट्या बेसूर लागत. जर्मन संगीतकार बाखनं 1722 साली चोवीसही मेजर-मायनर पट्ट्यांतल्या रचनांचा संग्रह सिद्ध केला, तो नव्या जुळणीच्या बळावर.

बोटांची कथा तर आणखी रंजक आहे. पियानोसारख्या कळफलकाच्या वाद्यांचे जुने वादक अंगठा फारसा वापरत नसत. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल यानं 1753 च्या ग्रंथात अंगठा बोटांखालून नेण्याची पद्धत सविस्तर मांडली. आज सी मेजर (सी स्वराला सा धरलेलं मेजर स्केल) आपण उजव्या हातानं 1-2-3 (1 म्हणजे अंगठा), मग अंगठा खालून घेऊन 1-2-3-4-5 असं वाजवतो, ते याच परंपरेतून.

पियानोवादक-संगीतकार शोपँ मात्र शिष्यांना आधी बी मेजर देई. त्यातल्या कळफलकाच्या पाच काळ्या पट्ट्यांमुळे लांब बोटं उंचावर आणि आखूड अंगठा खाली, अशी हाताला साजेशी ठेवण तिथे मिळते. वाचायला सर्वांत सोपं सी मेजर त्यानं शेवटी ठेवलं, कारण त्यातल्या सगळ्या पट्ट्या पांढऱ्या आणि एका पातळीत असल्यानं तिथे हाताला कुठेच टेकू मिळत नाही.