विंडोज ११ येतंय: मशीनला हात लावण्याआधी

हा कागद २०२१ चा आहे: येत्या ५ ऑक्टोबरला विंडोज ११ येतंय. दुकानात आणि फोनवर सध्या एकच विचारणा आहे: "आमच्या मशीनवर चालेल का, आणि लगेच टाकून घेऊ का?" सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हा कागद.

तुमचं विंडोज १० अधिकृत असेल आणि मशीन ११ च्या अटींत बसत असेल, तर ११ फुकट आहे. पण ते टप्प्याटप्प्याने येणार, आधी नव्या मशीनवर, आणि हे २०२२ च्या मध्यापर्यंत चालेल. ५ तारखेला काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

चालेल का ते घरीच बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, मग अबाउट. प्रोसेसरच्या ओळीत आय ३ किंवा आय ५ च्या पुढचा आकडा ८, ९, १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर बहुधा चालेल. ६ किंवा ७ ने असेल तर, एखादा अपवाद सोडून, नाही. रॅम किमान ४ जीबी हवी (आमच्या मते ८ खाली जाऊच नका). शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती 'सापडली नाही' असं आलं म्हणून कुणी नवा मदरबोर्ड गळ्यात मारत असेल तर थांबा. बऱ्याचदा ती असते, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. इंटेलच्या प्रोसेसरवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या प्रोसेसरवर एफटीपीएम. मशीन घेऊन या, पाच मिनिटांत कळेल.

त्याच अबाउटमध्ये 'सिस्टीम टाइप' वाचा. तिथे ३२-बिट (विंडोजचा जुना प्रकार; नवा ६४-बिट) असेल तर आधी आमच्याशी बोला. विंडोज ११ ३२-बिटमध्ये निघणारच नाही. अडत दुकानांत आणि पतसंस्थांत काळ्या स्क्रीनवरचे जुने डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातले, प्रोग्रॅम अजून बिनतक्रार चालतात ते ३२-बिटच्या जिवावर. ६४-बिटवर ते थेट उघडत नाहीत. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने उघडता येतात, पण मग छपाई रडवते.

छपाईचं आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मागची आवृत्ती आली तेव्हा आम्ही हौसेने पहिल्याच दिवशी काउंटरच्या मशीनवर टाकली. बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोन दिवस गप्प, आणि आम्ही हाताने बिलं फाडत होतो.

म्हणून कामाच्या मशीनवर दिवाळी होईपर्यंत काही करू नका. ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, त्याआधी जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे जुनं मशीन लगेच भंगारात जात नाही. तरी टाकलंच, तर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. पण आधी टॅलीचा (हिशेबाच्या प्रोग्रॅमचा) डेटा पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो ड्राइव्ह मशीनला तसाच लावून ठेवू नका.

दुकानातल्या एका लॅपटॉपवर चाचणी आवृत्ती टाकून ठेवली आहे. स्टार्टचं बटण आता मधोमध आलंय, सवय व्हायला वेळ लागतो. येऊन हाताळून बघा. येताना प्रिंटर उचलून आणलात तर आणखी बरं.