देखभालीच्या कामातले पडण्याचे अपघात: मराठवाड्याची पार्श्वभूमी

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाळप थांबतं, पण उंचावरचं काम तिथूनच सुरू होतं. ऑफ सीझनमध्ये बॉयलर, रस आटवणारे इव्हॅपोरेटर, ऊस आत नेणारा केन कॅरियर, शेडचे पत्रे अशी सगळीकडे दुरुस्ती निघते. एरवी जिथं कुणी फिरकत नाही तिथं फिटर, वेल्डर, खलाशी (जड सामान हलवणारे मदतनीस) चढतात. कठडे आणि जाळ्याही नेमक्या तेव्हाच काढलेल्या असतात.

मराठवाड्यात कारखानदारी उशिरा आली. निजामाच्या काळात औरंगाबाद आणि नांदेडच्या कापड गिरण्या आणि गावोगावचे जिनिंग-प्रेसिंग, एवढाच पसारा. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर चिकलठाणा, परळीचं औष्णिक वीज केंद्र, वाळूज, जालन्याच्या रोलिंग मिल असा विस्तार होत गेला. आपल्याकडे यंत्रं आली तोवर कारखान्यांचा कायदा जुना झाला होता. 1881 पासून त्याची नजर मुख्यतः फिरत्या यंत्रावर होती: पट्ट्यात हात जाऊ नये, गिअरला आडोसा हवा. 1 एप्रिल 1949 पासून लागू झालेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम 32 मध्ये कामाच्या जागी पोचण्याची वाट सुरक्षित हवी, असं आलं. उंचावरून पडण्याचा धोका असेल तिथं कठडा किंवा दुसरी सोय करा, हे स्वतंत्र पोटकलम नंतरच्या दुरुस्तीतलं. त्यालाही ‘वाजवीपणे शक्य असेल तितपत’ ही पळवाट जोडलेली.

सगळ्यात फसवा असतो तो शेडवरचा सिमेंटचा पत्रा. खालून भक्कम दिसतो, पण दोन आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या मधे पाय पडला की फुटतो. उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा धुळीनं माखला की बाकीच्यांसारखाच दिसतो. म्हणून पत्र्यावर थेट पाय न देता फळ्या टाकून चालायचं असतं. 3 मीटरवरून माणूस जमिनीवर यायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि आदळताना वेग ताशी 28 किलोमीटरच्या घरात असतो. सावरायला वेळच मिळत नाही. हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा) अंगात असूनही हुक अडकवायला दोर नसेल, तर त्याचा उपयोग शून्य.

पत्र्यावर चढणारा बहुतेकदा ठेकेदाराचा माणूस असतो. शटडाऊन थोड्या दिवसांचं, घाई मोठी. कुठली जाळी गंजली आहे, कुठला पत्रा कुजला आहे, हे कायम कामगाराला ठाऊक असतं; बाहेरून आलेल्याला ते कुणी सांगत नाही. मला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो. मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदारानं केलं, तरी भरपाईची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानंच सांगितलं होतं. पण ती जबाबदारी माणूस पडल्यानंतरची.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट सर्वसाधारण कारखान्यांसाठी 1000 कामगारांवरून 500 वर आली. वाळूज-जालन्यातल्या छोट्या वर्कशॉपना मात्र तीही लागू होत नाही. तिथं पत्र्यावर कुणाला, कधी आणि कशाच्या आधारावर चढवायचं, हे मालक किंवा ठेकेदारच ठरवतो.