सोन्याच्या घड्याळाच्या कडा

सराफाच्या पेढीवर जुनं सोन्याचं मनगटी घड्याळ मोडायला नेलं, की आतलं यंत्र बाजूला निघतं आणि सोन्याची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, काट्यावर जाते. १५ ग्रॅमची १८ कॅरट केस असेल तर शुद्ध सोनं ११.२५ ग्रॅम, हिशेब संपला. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर पोचलं, तेव्हा परदेशात कितीतरी जुन्या घड्याळांचं सोनं असंच मुशीत गेलं. सोनं हाती आलं, घाट मात्र कायमचा गेला. मला हे फार लागतं.

आपल्याकडे दागिना म्हटला की २२ कॅरट. मग स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या घड्याळ कारागिरांनी १८ कॅरट का निवडलं? शुद्ध सोन्यात अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते मऊ. चांदीचा अणू जवळपास सोन्याच्याच आकाराचा, त्यामुळे तिच्याने कडकपणा बेताचाच येतो. तांब्याचा अणू लहान. तो मध्ये बसला की आजूबाजूची मांडणी ताणली जाते आणि थरांचं घसरणं अडतं. घड्याळाचं मागचं झाकण वर्षानुवर्षं घट्ट बसायचं, तर हा कडकपणा हवाच. १००० भागांत ७५० सोनं, उरलेल्यात तांबं वाढवलं की गुलाबी सोनं, चांदी वाढवली की फिकट, हिरवट झाक.

तरीही पोलादापुढे हे सोनं मऊच, आणि तिथेच पॉलिशचा घात होतो. पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सोनं घासून काढावं लागतं. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १९३२ चं कॅलाट्राव्हा ९६ हे मॉडेल बघा. जेमतेम ३१ मिलिमीटरचं घड्याळ, आणि पट्टा धरणारे चार पाय केसमधूनच उमललेले. त्याचं सगळं सौंदर्य त्या वळणांत आणि कडांत आहे. चार-पाच वेळा पॉलिश झालं की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि १९९५ पर्यंत १८ कॅरटच्या स्विस केसवर उमटवला जाणारा हेल्वेशियाच्या, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, मुखाचा शिक्काही पुसट होतो. म्हणून जाणकार संग्राहक ओरखडे असलेल्या पण धारदार केसला गुळगुळीत, चकचकीत केसपेक्षा जास्त पैसे मोजतात. मला ते अगदी रास्त वाटतं.

अचूकतेसाठी ही घड्याळं कोणी घेत नाही. २५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये सेइको कंपनीचं अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आलं, चावीऐवजी बॅटरीवर चालणारं आणि कितीतरी अचूक. त्यातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावत होता. त्या काळच्या कित्येक चावीच्या घड्याळांचं चक्र सेकंदाला ५ ठोके देई. गंमत अशी, की त्या पहिल्या क्वार्ट्झ घड्याळालाही केस १८ कॅरट सोन्याचीच होती. किंमत साडेचार लाख येन.

घरात आजोबांचं असं घड्याळ असेल, तर दुरुस्तीला देताना ‘पॉलिश नको’ असं आवर्जून सांगा. तेल मात्र बदलून घ्या. जुनं तेल सुकून चिकट होतं, आणि तसंच घड्याळ चालवलं तर माणकांच्या खड्यांत फिरणारे पोलादी आस झिजतात.