दोन टक्क्यांच्या आधीचं बेळगाव

पोराला हाताखाली घेऊन कारागीर करायची बेळगावची रीत 2013 च्या कंपनी कायद्याच्या कितीतरी आधीची. तिचा माग काढायचा तर गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपर्यंत जावं लागतं. 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. तो कारखाना आपल्या गावातून गेला, याची हुरहुर मला आजही वाटते.

तरी लोखंड बेळगावातून गेलं नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉप वाढले. जवळच्या येळ्ळूर-मच्छेचा पोरगा हेल्पर म्हणून लागतो, मिस्त्रीच्या नजरेखाली साचा भरायला शिकतो, पुढे लेथवर उभा राहतो. माझ्या मते इथली खरी शाळा हीच.

2013 च्या कंपनी कायद्यातलं 135 वं कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात अशा कामांची यादी आहे; तीत शिक्षण, आरोग्य यांबरोबर रोजगाराची कौशल्यंही आहेत. पण फक्त स्वतःच्या कामगारांच्या उपयोगाचा खर्च यात धरत नाहीत, आणि उद्यमबागेतली लहान फौंड्री तर या मर्यादांच्या जवळपासही नसते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हात तयार करणारी माणसं या हिशेबाबाहेरच राहिली.

कायद्याच्या कक्षेत येतात ते मोठे उद्योग. यमनापूरला ॲल्युमिनियम कंपनीचा जुना कारखाना आहे, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. कारखान्याभोवतीच्या परिसराला प्राधान्य द्या, असं कलम सांगतं. परिसर कुठवर धरायचा, ते मात्र कंपनीच ठरवते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली गावं त्या रेघेच्या आत येतात का, आणि आलीच तर मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलीला तिथला धडा तिच्या भाषेत मिळतो का, हे मला या पैशातून निघणाऱ्या प्रत्येक नव्या कौशल्य केंद्राच्या दारात विचारावंसं वाटतं.